सल्ला : चार विसा नि सात वर्षं

नमस्कार बाई,

मी न्यू जर्सीत अकरावीत शिकतो. नववीपर्यंत कराडला मराठी माध्यमात होतो, गेल्या वर्षी बाबांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. यंदा मला ‘अमेरिकन स्टडीज’ नावाचा वर्ग मिळालाय. इतिहास आणि इंग्रजी एकत्र. दोन तास सलग, ४६ मुलं आणि दोन शिक्षक एकाच वेळी वर्गात. कराडला इतिहासात मला ४० पैकी ३८ च्या खाली कधी पडले नाहीत. इथे पहिल्याच निबंधाला सी प्लस. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गला पडलेल्या सैनिकांच्या स्मशानभूमीत लिंकननं केलेल्या भाषणावर लिहायचं होतं. लढाई कधी झाली, किती दिवस चालली, सेनापती कोण, भाषण कोणत्या तारखेला, सगळं बरोबर लिहिलं, एकही चूक नाही. इतिहासाच्या सरांनी समासात तीन ठिकाणी लिहिलंय, ‘सो व्हॉट?’ इंग्रजीच्या मॅडमनी शेवटी लिहिलंय, ‘हा सारांश झाला. तुझं म्हणणं कुठे आहे?’

भाषणाच्या सुरुवातीचा ‘स्कोअर’ हा शब्द मला खेळातला वाटला आणि मी तसं वर्गात बोललो. मुलं हसली. त्यानंतर मी चर्चेत तोंड उघडलेलं नाही, आणि चर्चेला वेगळे मार्क असतात. एकदा मॅडमनीच विचारलं, ‘भारतीयांना याबद्दल काय वाटतं?’ मला काही सुचलं नाही. बाबा म्हणतात, हा वर्ग सोड, एपी हिस्टरी (कॉलेजच्या पातळीचा इतिहास) घे, कॉलेजवाले तेच बघतात. आई म्हणते, इंग्रजीची शिकवणी लावू. विषय बदलायला या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. कराडची आजी व्हिडिओ कॉलवर विचारते, काय शिकतोस रे, तर मला तिलाही सांगता येत नाही. काय करू?

— अ.

प्रिय अ.,

आधी त्या ‘स्कोअर’चं बघू, कारण तुला सगळ्यात जास्त तेच लागलंय असं पत्रावरून दिसतं.

स्कोअर म्हणजे वीस. ‘फोर स्कोअर अँड सेव्हन इयर्स’ म्हणजे चार विसा नि सात वर्षं. तितक्या वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी हा देश उभा केला, असं लिंकन पहिल्याच वाक्यात म्हणतो. माझी आजी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. तिला कुणी वय विचारलं की ती सांगायची, ‘तीन विसा नि वर दोन-चार असतील.’ शंभराला ती पाच विसा म्हणायची. तुझ्या आजीच्या कानावरूनही ही मोजणी नक्की गेलेली असेल. तेव्हा ज्या शब्दाला वर्ग हसला, तो शब्द तुझ्या घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला पहिल्या झटक्यात कळला असता. तुला कळला नाही, कारण तू दशकात मोजणाऱ्या पिढीतला आहेस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण आपण शब्दाच्या अर्थावर थांबलो तर तुझे सर पुन्हा समासात तेच लिहितील. मग काय? सत्त्याऐंशीला इंग्रजीत सरळ, दोन शब्दांत म्हणता येतं आणि १८६३ सालीही लोक तसंच म्हणत होते. मग या माणसानं स्मशानभूमीच्या कार्यक्रमात उभं राहून विसांची मोजणी का काढली? समोर बसलेले लोक चर्चला जाणारे, घरात बायबल असणारे. त्यांच्या बायबलात माणसाचं आयुष्य ‘थ्री स्कोअर अँड टेन’ म्हणजे तीन विसा नि दहा वर्षांचं सांगितलंय. ती लय कानावर पडताच त्यांना आपण राजकीय सभेत नसून प्रार्थनेला बसलोय असं वाटलं असणार. आणि माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं धरलं तर सत्त्याऐंशी म्हणजे त्याच्याही पलीकडे. ज्यांनी देश उभा केला, त्यांच्यातलं कुणी आता विचारायला उरलेलं नाही. जे काही राखायचं ते समोरच्यांनीच राखायचं. हा माझा अर्थ आहे, तुझा वेगळा निघाला तरी चालेल. मात्र एका शब्दापाशी थांबून त्याला ‘का?’ विचारलं की एवढं हाती लागतं.

आता इतिहासाच्या बाजूनं तेच वाक्य घे. वही काढ आणि वजाबाकी कर. १८६३ मधून ८७ गेले. उरले १७७६.

या वजाबाकीशी तू थांबला असतास तर तुझा सगळा निबंध तिथून उभा राहिला असता. १७७६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वर्ष. पण अमेरिका ज्या राज्यघटनेवर चालते ती लिहिली गेली १७८७ साली. लिंकन पेशानं वकील, घटनेची शपथ घेतलेला राष्ट्राध्यक्ष. देशाचा जन्म त्यानं घटनेपासून मोजला असता तर कुणीही हरकत घेतली नसती. त्यानं मोजला जाहीरनाम्यापासून. का? जाहीरनाम्यात ‘सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत’ हे वाक्य आहे, घटनेत ते नाही. मूळ घटनेत काय आहे, तर लोकसंख्या मोजताना स्वतंत्र माणसं पूर्ण धरायची आणि ‘इतर व्यक्तीं’चे तीन पंचमांश धरायचे. इतर व्यक्ती म्हणजे गुलाम. पळून गेलेल्या गुलामाला मालकाकडे परत करायची तरतूदही आहे, पण तिथेही शब्द आहेत ‘सेवेला बांधलेली व्यक्ती’. मूळ घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. गुलाम किंवा गुलामगिरी हा शब्द एकदाही सापडणार नाही. गुलामगिरी सांभाळणारी कलमं लिहिणाऱ्यांनाही तो शब्द कागदावर नको होता. घटनेत ‘गुलामगिरी’ हा शब्द पहिल्यांदा उमटला १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, म्हणजे गुलामगिरी संपवताना.

लिंकनच्या भाषणातही गुलामगिरी हा शब्द नाही. ज्या प्रश्नावर हजारो माणसं त्या शेतांत पडली, त्याचं नाव नाही. सगळं मिळून पावणेतीनशेच्या आत शब्द, दोन-तीन मिनिटांचा मामला, आणि त्याच्याआधी त्या दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोललेले. घटनेनं शब्द टाळला आणि लिंकननंही टाळला, तर दोघांचं टाळणं सारखंच का? हा प्रश्न इतिहासाचा की इंग्रजीचा, सांग बरं. मला सांगता येत नाही. म्हणूनच तुमच्या शाळेनं दोन शिक्षक एका वर्गात आणून उभे केलेत.

आणखी एक शब्द दाखवते, कारण तो खास तुझ्यासाठी आहे. जाहीरनाम्यात समानतेचं तत्त्व ‘सेल्फ एव्हिडंट’ आहे असं म्हटलंय. मराठीत स्वयंसिद्ध. लिंकन तेच तत्त्व सांगताना ‘प्रॉपोझिशन’ म्हणतो, भूमितीच्या भाषेत प्रमेय. हा माणूस स्वतःच्या हौसेनं युक्लिडची भूमिती शिकलेला होता. तू कराडला नववी केलीस ना? मग भूमितीच्या वहीत तू स्वतःच्या हातानं काय लिहायचास ते आठव. स्वयंसिद्ध सत्य सिद्ध करावं लागत नाही. प्रमेय सिद्ध करावं लागतं. पक्ष, साध्य, सिद्धता. १७७६ मध्ये जे स्वयंसिद्ध म्हणून लिहिलं होतं, ते सत्त्याऐंशी वर्षांनी सिद्धतेला आलेलं विधान झालंय, आणि ती सिद्धता कशानं चालली आहे तर समोरच्या थडग्यांनी. इंग्रजीतून वाचणाऱ्या मुलाला हा फरक सहज दिसेलच असं नाही. तुला दिसू शकतो, कारण तुझ्या डोक्यात या दोन गोष्टींना दोन वेगळे मराठी शब्द आधीपासून बसलेले आहेत.

आता तुझ्या निबंधाकडे येते. तू जे लिहून पाठवलंस त्यावरून मला वाटतं, तुझे मार्क इंग्रजीमुळे गेलेले नाहीत. इंग्रजी तुझं कच्चं असेल, वर्षाभरात कुणाचंही असतंच, आणि ते सुधारावं लागेल. पण दोन्ही शिक्षकांच्या शेऱ्यात व्याकरणाची तक्रार नाही. दोघांनी वेगवेगळ्या पेनांनी एकच गोष्ट लिहिली आहे. तू पक्ष पूर्ण लिहिलास. दिलेली सगळी माहिती. साध्य लिहिलंच नाहीस. साध्यच नाही तर सिद्धता कशाची देणार?

यात तुझा दोष किती आणि आम्हा शिक्षकांचा किती, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. बी.एड.ला माझ्या अध्यापन पद्धती होत्या मराठी आणि इतिहास. महाराष्ट्रात ही जोडी किती शिक्षकांकडे असते ते तुला माहीत असेल. तोच वर्ग, तीच मी, सकाळी मराठीचा तास आणि मधल्या सुट्टीनंतर इतिहासाचा. मधे घंटा व्हायची, मुलं एक वही दप्तरात टाकून दुसरी काढायची, आणि मीही वही बदलल्यासारखी बदलायची. मराठीच्या तासाला रूपक शिकवायची, इतिहासाच्या तासाला कारणे आणि परिणाम.

एकदा सातवीच्या वर्गात पानिपत शिकवत होते. १४ जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, त्यांना वाटेत एका सावकाराच्या पत्रातून बातमी कळली ती गोष्ट मी सांगितली. तू ती ऐकलेलीच आहेस. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे मी फळ्यावर लिहिलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. तिच्या हातात दोन्ही वह्या होत्या. म्हणाली, ‘बाई, मोती म्हणजे माणसं, हे मी इतिहासाच्या वहीत लिहू का मराठीच्या?’

मी तिला म्हटलं, इतिहासाच्या वहीत लिही, परीक्षेला तिथे येतं. ती बसली. त्या दिवशी मी तो प्रश्न फळ्यावर लिहायला हवा होता. घंटा झाली तरी वर्ग तसाच बसवून ठेवायला हवा होता. कारण त्या एका ओळीत किती काय आहे बघ. सावकार मरणाची बातमी हिशोबाच्या भाषेत का लिहितो? पत्र वाटेत कुणाच्या हाती पडलं तर ते धंद्याचं पत्र वाटावं म्हणून. म्हणजे वाटा सुरक्षित नव्हत्या, हा इतिहास झाला. पण मग तो माणसांच्या किमती का ठरवतो? मोती कोण, मोहरा कोण आणि खुर्दा कोण? खुर्दा म्हणजे हजारो साधे शिपाई, बाजारबुणगे, यात्रेकरू. त्यांची गणतीसुद्धा नाही. दरबारात कुणाच्या मरणाला किती मोल होतं, ते या ओळीइतकं उघड मला कुठल्या परिच्छेदात सापडलेलं नाही. आणि ते सापडतं ते रूपकातच. तारीख पाठ करून ते हाती येत नाही, आणि तारीख माहीत नसेल तर रूपक नुसतं अलंकार म्हणून उरतं.

त्या मुलीचा प्रश्न मला निवृत्तीनंतरही सोडत नाही. तू ज्या वर्गात बसतोस त्या वर्गात तिला दोन वह्या लागल्या नसत्या.

म्हणून माझं मत सरळ आहे. वर्ग सोडू नकोस. 

बाबांच्या म्हणण्याचा मान ठेवून सांगते. एपीचा वर्ग चांगला असतो, मे महिन्यात त्याची परीक्षा असते, कॉलेजं त्याची दखल घेतात, हे सगळं खरं. पण त्या परीक्षेतही जुने कागद समोर टाकून त्यावरून स्वतःचं म्हणणं मांडायचा प्रश्न असतोच. जे तुला इथे जमत नाही ते तिथे टळणार नाही, उलट तिथे ते अधिक घाईनं करावं लागेल. तुमच्या शाळेत या जोडवर्गाला ऑनर्सचा, म्हणजे वरच्या पातळीच्या वर्गाचा, दर्जा आहे का, हे तुझ्या समुपदेशकांना एकदा विचार आणि उत्तर बाबांना तसंच्या तसं सांग. आईला सांग की शिकवणी आत्ताच नको. मुदतीच्या आत आणखी एक निबंध होईल ना? तो मी सांगते तसा लिही आणि मग तिघं मिळून ठरवा. तरीही झोप उडत असेल, सकाळी शाळेत जावंसं वाटत नसेल, तर मात्र मला पुन्हा लिही, तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल. सी प्लस हे वर्ग सोडण्याचं कारण नाही, झोप हे असू शकतं.

निबंधाचं असं कर. आधी उतारा हातानं उतरवून काढ. झेरॉक्सवर रेघा मारू नकोस, हातानं लिही. लिहिताना जिथे हात अडखळतो, जो शब्द तू स्वतः वापरला नसतास, तिथे थांब. त्या शब्दाच्या जागी साधा शब्द ठेवून वाक्य मोठ्यानं वाच. काय गेलं? ते मराठीत लिही. हो, मराठीतच. तुला विचार मराठीत सुचतात आणि मनातल्या मनात भाषांतर करताना ते निसटतात. तुझ्या पत्रात ते वाक्य नाही, पण पत्राच्या मराठीवरून मी ते ओळखलं आहे. इतकं स्वच्छ मराठी लिहिणारा मुलगा विचार करू शकत नाही, हे मी मान्य करणार नाही. मग मराठीतच एक वाक्य तयार कर ज्याच्याशी एखादा समजूतदार माणूस भांडू शकेल. ‘गेटिसबर्गचं भाषण १९ नोव्हेंबर १८६३ ला झालं’ याच्याशी कोण भांडणार? ‘लिंकननं देशाचं वय मोजायची सुरुवातच बदलली, आणि त्यातून लढाईचा हेतू बदलला’ याच्याशी भांडता येतं. हे तुझं साध्य. ते इंग्रजीत ने. त्यानंतरचा प्रत्येक परिच्छेद त्याची सिद्धता. ज्या परिच्छेदाचा साध्याशी संबंध नाही तो कितीही बरोबर असला तरी काढून टाक. सेनापतींची नावं काढताना तुला यातना होतील. काढ.

आणि असा लिहिलेला एक परिच्छेद घेऊन शाळा सुटल्यावर दोघांकडे जा, दोघं एकत्र असतील अशा वेळी. ‘मी कसा सुधारू’ असं विचारू नकोस, त्यावर कुणालाच नीट उत्तर देता येत नाही. परिच्छेद पुढे ठेव आणि विचार, ‘सर, इथे अजून सो व्हॉट उरतंय का?’ त्यांचेच शब्द. शिक्षकाला स्वतःचा शेरा विद्यार्थ्यानं वाचलेला दिसला की फार बरं वाटतं, हे मी खात्रीनं सांगते.

चर्चेचं दुखणं थोडं निराळं आहे. आपल्या शाळांत विचारल्याशिवाय बोलणारा मुलगा आगाऊ ठरतो. तिकडे न बोलणारा मुलगा तयारी न केलेला ठरतो. दोन्हीकडचे शिक्षक आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधल्यामधे तू अडकतोस. यावर एकच उपाय मला माहीत आहे. पहिल्या दहा मिनिटांत बोलायचं. जितका उशीर होतो तितकं तोंड जड होतं. घरून एका चिठ्ठीवर उताऱ्यातला एक शब्द आणि त्याला विचारलेला एक ‘का’ लिहून ने. उत्तर नेऊ नकोस, प्रश्नच ने. ‘त्यानं १७७६ पासून का मोजलं, १७८७ पासून का नाही?’ एवढं विचारून बस खाली. पुढची वीस मिनिटं वर्ग तुझ्या प्रश्नावर बोलेल, आणि तुझं इंग्रजी कसं होतं ते कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

‘भारतीयांना काय वाटतं’ हा मॅडमचा प्रश्न मला खटकला. त्यांचा हेतू चांगला असणार, तुला बोलतं करायचं असेल. पण एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं एवढ्या मोठ्या देशाच्या वतीनं उत्तर द्यावं अशी अपेक्षा बरोबर नाही, आणि तुला काही सुचलं नाही हेच बरोबर झालं. पुन्हा विचारलं तर अदबीनं सांग, ‘सगळ्यांचं मला माहीत नाही, पण मला एक कागद माहीत आहे, त्याबद्दल बोलू का?’

तो कागद मी तुला देते. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यात परक्या माणसाला नागरिकत्व द्यायचं तर तो ‘स्वतंत्र गोरा माणूस’ हवा अशी अट होती. पुढे कायदे बदलत गेले तरी ‘गोरा’ हा शब्द टिकला. १९२२ साली तकाओ ओझावा नावाच्या जपानी गृहस्थाला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गोरा म्हणजे नुसता गोऱ्या कातडीचा नव्हे, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, विद्वानांनी ज्या वंशात युरोपातले लोक घातले त्या वंशाचा. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांचा खटला निकालात निघाला. पंजाबात जन्मलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. त्यांचं म्हणणं होतं, तुमच्याच विद्वानांच्या वर्गवारीप्रमाणे मी कॉकेशियन आहे. न्यायालय म्हणालं, विद्वानांचं राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. दोन्ही निकालपत्रं एकाच न्यायमूर्तींनी लिहिली. तीन महिन्यांत एका शब्दाचा अर्थ शास्त्राकडून उचलून बाजारातल्या बोलीकडे नेला, आणि त्यावर माणसांचं नागरिकत्व ठरलं. ज्यांना आधी मिळालं होतं अशा भारतीयांचंही काढून घ्यायला सरकारनं सुरुवात केली. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून तुझी मान वर होईल. त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावरही गदा आली, ते स्वतःसाठी लढले आणि त्यांनी ते राखलं. भारतीयांना नागरिकत्वाची वाट मोकळी झाली १९४६ च्या कायद्यानं.

ही दोन निकालपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. इंग्रजीच्या मॅडमना शब्दाचा अर्थ कसा सरकतो ते दिसेल, सरांना त्याचा परिणाम दिसेल. आणि तू भारताच्या वतीनं बोलणार नाहीस, कागदाच्या वतीनं बोलशील.

वर्षाच्या शेवटी अशा वर्गात मोठा प्रकल्प असतो. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेव. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. तेराव्या दुरुस्तीनंतर आठच वर्षांनी, पुण्यातून. लिंकनच्या देशानं जो शब्द आपल्या घटनेत इतकी वर्षं लपवला, तो जोतीरावांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातला आणि आपल्याकडच्या जातीला लावला. का लावला, तिथल्या आणि इथल्या दोन गोष्टी एका शब्दात मावतात का, यावर तुझ्याइतकं दोन्ही बाजू माहीत असलेलं त्या वर्गात दुसरं कुणी नसेल. आणि दुसरं, तू राहतोस त्याच राज्यात रोझेल नावाचं गाव आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी बोटीतून उतरून आधी तिथे, पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला गेल्या. त्या तुझ्याहून फारशा मोठ्या नव्हत्या, अठरा वर्षांच्या. एखाद्या रविवारी बाबांना म्हणावं, गाडी काढा.

आजीला काय सांगू म्हणून विचारलंस. या रविवारी तिला फोन लाव आणि तू काही सांगू नकोस, तिलाच विचार : आजी, चार विसा नि सात म्हणजे किती? तिनं सांगितलं की म्हणावं, आमच्या वर्गात या हिशोबावर आठवडाभर बोलतात. मग तिला ते मोत्यांचं आणि मोहरांचं पत्र म्हणून दाखवायला सांग. तिला येत असेल तर ती कशी म्हणते ते नीट ऐक, कुठल्या शब्दावर थांबते ते बघ, आणि ‘खुर्दा’ कुणाला म्हटलंय असं तिला वाटतं ते विचारून मला कळव.

तुझी,
बाई